कॅरिबू चांदीची खाण, कोलोराडो

कॅरिबू ही अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, बोल्डर काउंटीत, रॉकी पर्वतात जवळपास १०,००० फुटांवर असलेली जुनी चांदीची खाण, आणि तिच्याच नावाचं आता ओसाड पडलेलं गाव. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर लोक घरं बांधून, पोरंबाळं घेऊन राहत होते. खाण तशी लहानच, कोलोराडोत लेडव्हिलसारख्या हिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या खाणी झाल्या, पण हिची गोष्ट थेट मुंबईच्या टांकसाळीपर्यंत येते, म्हणून मराठीत ती नीट लिहिलेली हवी असं मला वाटतं.

आधी दगडाचं बघू. इथला मूळ खडक म्हणजे नाइस, उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार दगड, फार जुना, सुमारे १७० कोटी वर्षांच्या घरातला. कोलोराडोत नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे एक तिरका पट्टा जातो, राज्यातल्या बहुतेक नावाजलेल्या खाणी त्याच पट्ट्यात आहेत आणि कॅरिबू त्याच्या ईशान्य टोकाकडे येतं. रॉकी पर्वत वर उचलले जात होते तेव्हा, साधारण ७ ते ४ कोटी वर्षांपूर्वी, या पट्ट्यात खालून वितळलेला खडक जुन्या नाइसमध्ये घुसला (आपल्याकडे दख्खनचा काळा पत्थर लाव्हातून तयार झाला तोही याच काळात). कॅरिबूच्या डोंगरात तो मॉन्झोनाइट नावाचा, ग्रॅनाइटच्या जातीचा दगड म्हणून थिजला, त्यात मॅग्नेटाइटचे म्हणजे चुंबकीय लोहखनिजाचेही भाग आहेत. मग भेगांमधून गरम, खारट, धातू विरघळलेलं पाणी वर आलं आणि थंड होताना शिरा भरत गेल्या: शिशाचं गॅलेना, जस्ताचं स्फॅलेराइट, तांब्याचं चाल्कोपायराइट आणि त्यांच्या जोडीला चांदीची खनिजं. वरच्या भागात तर कुठे कुठे निव्वळ चांदी तारांसारखी वळलेली सापडायची. अशा शिरांची गंमत अशी की वरून मुरणारं पाणी हजारो वर्षं चांदी विरघळवून थोडं खाली नेऊन साठवतं, त्यामुळे सुरुवातीचे काही फूट श्रीमंत आणि जसजसं खोल जावं तसतसं खर्च जास्त, चांदी कमी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शोध लागला १८६९ मध्ये. असं सांगतात की सॅम कॉंगर नावाच्या शिकाऱ्याने रेल्वेच्या डब्यात नेवाडातल्या खाणीचे दगड बघितले आणि असेच दगड आपण डोंगरात पाहिलेत हे त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या सांगण्यावरून गेलेल्या विल्यम मार्टिन आणि जॉर्ज लिटल यांना शीर सापडली, आणि लिटलने आधी कॅनडातल्या कॅरिबू भागात खाणकाम केलेलं होतं म्हणून तेच नाव इथे पडलं. पुढे एबल ब्रीड नावाच्या सिनसिनाटीच्या व्यापाऱ्याने खाण घेतली आणि काही मैल खाली मिडल बोल्डर गावात मिल उभी केली. खनिज गाड्यांतून घाटाने खाली न्यायचं, कुटून बारीक पूड करायची, मीठ घालून भट्टीत भाजायची म्हणजे चांदीचं क्लोराइड होतं, मग ते पाणी आणि लोखंडासोबत पिंपात घालून पाऱ्याबरोबर तासन्‌तास फिरवायचं. पारा चांदी धरून ठेवतो, शेवटी तापवून पारा उडवला की मागे सच्छिद्र, मळकट चांदी उरते आणि ती वितळवून विटा पाडायच्या. पाऱ्याच्या त्या वाफेशेजारी माणसं रोज उभी राहायची, हे विसरू नये.

एप्रिल १८७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट कोलोराडोतल्याच सेंट्रल सिटी या खाणगावाला आले तेव्हा बग्गीपासून टेलर हाऊस हॉटेलच्या दारापर्यंत कॅरिबूच्या चांदीच्या विटा अंथरल्या होत्या आणि ते त्यावरून चालत गेले. याच ग्रँटनी जेमतेम अडीच महिने आधी, १२ फेब्रुवारीला, नाणी कायद्यावर सही केली होती, ज्यामुळे अमेरिकन टांकसाळीत चांदी नेऊन हव्या तितक्या डॉलरची नाणी पाडून घेणं बंद झालं. त्याच वर्षी ब्रीडने खाण ३० लाख डॉलरला डच गुंतवणूकदारांना विकली. विकण्याआधी त्याने दिसेल ती श्रीमंत चांदी उपसून घेतली होती असं सांगितलं जातं, आणि शिरेचा स्वभाव बघता उरलेल्यात काय राहिलं असेल ते कळतंच. डच कंपनी काही वर्षांत बुडाली, १८७६ मध्ये खाण लिलावात जेरोम चॅफी या कोलोराडोतल्या बँकर-राजकारण्याकडे गेली. डचांची आठवण मात्र राहिली: मिलचं ते मिडल बोल्डर गाव १८७४ पासून नेदरलँड झालं, आजही आहे.

वर कॅरिबूत जगणं सोपं नव्हतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार, बर्फ इतका की वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत-बाहेर करायचं, आणि वारा तर थांबायचाच नाही. १८७९ मध्ये आगीत गावाचा बराच भाग जळाला, घटसर्प आणि स्कार्लेट फीव्हरनेही लेकरं गेली. टेकडीवरची दफनभूमी याची साक्ष आहे.

शेवटचा घाव १८९३ चा. आपला रुपया चांदीचा, इंग्लंडला द्यायचे पैसे सोन्यात, आणि चांदी स्वस्त होत गेल्याने रुपया २ शिलिंगांवरून १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास आलेला. २६ जून १८९३ ला सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, म्हणजे जगातल्या चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक एका दिवसात गेलं. चारच दिवसांत भाव औंसाला ८३ सेंटवरून ६२ वर आला, जुलैत डेन्व्हरच्या बँका धडाधड बंद पडल्या, आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकारला दर महिन्याला ४५ लाख औंस चांदी घ्यायला लावणारा १८९० चा शर्मन कायदाही रद्द झाला. फोर्टातली टांकसाळ आणि रॉकीतलं हे गाव एकमेकांना कधी ठाऊकही नसतील, पण तिकडच्या खाणकामगाराची मजुरी इकडच्या रुपयावर टांगलेली होती.

त्यानंतर कॅरिबू परत उभं राहिलं नाही. खाली नेदरलँडला मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टंगस्टन सापडलं (तेही ओळखलं कॉंगरनेच), आणि पहिल्या महायुद्धात त्या गावाची चलती झाली. १९४० च्या दशकाच्या शेवटी कॅरिबूच्या जुन्या बोगद्यांत युरेनियमचं पिचब्लेंड मिळालं, म्हणून भूवैज्ञानिक पुन्हा वर आले, आज या शिरांची बरीच तपशीलवार माहिती आहे ती त्यांच्याच कामामुळे. वर आता दगडी भिंती उरल्यात, छत नाही, आणि खाणीतून उपसलेल्या दगडांचे ढिगारे.