गावदप्तरे व घरदप्तरे (गोवा)

गोव्यातील गावकरी (कोमुनिदाद, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणारी संस्था), देवस्थानांचे महाजन (वंशपरंपरागत कारभारी) व जुनी घराणी यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या साठलेले हस्तलिखित कागद. जमाखर्चाच्या वह्या, गावसभेचे ठराव, जोणकारांच्या (गावकरीच्या उत्पन्नातील वाटेकऱ्यांच्या) याद्या, वाटणीपत्रे, वंशावळी आणि खाजगी पत्रे यांत येतात.

पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ मध्ये इतिहासकार दियोगो दो कुतो याच्या दप्तरपाल म्हणून झालेल्या नेमणुकीपासून मोजतात. तेथील ‘मोन्सोंइश’ खंड, म्हणजे पावसाळी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांचा राजपत्रव्यवहार, प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी ६२ खंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनला गेले. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी या संग्रहाची लावलेली व्यवस्था आजही अभ्यासकांचा आधार आहे. मात्र हा मुख्यतः सरकारचा आवाज. गाव काय बोलत होता, ते गावदप्तरांतच सापडते.

गावकरीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये तिसवाडीच्या रूढींची सनद (फोराल) नोंदवली. ओसाड बेटावर चौघांनी येऊन शेती वसवली व तेच पहिले गावकर, अशी कथा तीत आहे. काहींनी हा इतिहास मानला, तर काहींनी महसुलाच्या सोयीसाठी बेतलेली कथा. संस्था पोर्तुगीजपूर्व आहे, पण आज दिसणारा तिचा काटेकोर साचा सनदेने व नंतरच्या नियमांनी घडवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कथेतील चार हा आकडा शब्दशः घेऊ नये.

लिपीचा प्रश्नही असाच. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादीतील (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातील) आरंभीचे काही कागद कानडी वळणाच्या गोयकानडी (कांदवी) लिपीत आहेत. त्यांची भाषा मराठी की कोंकणी, हे कागदागणिक तपासावे लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या नव्या काबिजादीत, म्हणजे फोंडे, डिचोली, पेडणे, सत्तरी वगैरे भागांत, मोडी मराठी प्रबळ. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि तिला अक्षरे टांगत जातो. शब्दांत फट नसते, म्हणून ‘रामाचेशेत’ कुठे तोडायचे हे संदर्भानेच ठरते. पोर्तुगीज वह्यांचे दुखणे वेगळे: लोहयुक्त शाई दमट हवेत कागद खाते, आणि अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक उरते.

महाजनकीच्या वह्यांना १८८६ च्या देवस्थान नियमावलीने ठराविक रूप आले. घरदप्तरांत पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचे कागद अग्रगण्य असून ते पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपवलेले आहेत. दलालीच्या धंद्यामुळे त्यांत पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी, गुजराती अशा अनेक भाषा एकत्र नांदतात, आणि हिशेबामागे माणसेही दिसतात. कुळे, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे) व स्त्रिया यांचे स्वतःचे कागद फारच थोडे. त्यांची नावे बहुधा दुसऱ्याच्या वहीत, जमिनीचा खंड (भाडे) थकल्याच्या नोंदीशेजारी आढळतात.