आगमनकाळ आणि उपवासकाळ: रंग एकच, अभ्यास वेगळा

२०२२ च्या नोव्हेंबरात आमच्या बायबल-अभ्यासाच्या समूहाकडे आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळाआधीच्या चारेक आठवड्यांसाठी, पुस्तिकाच नव्हती. उपवासकाळाची, म्हणजे ईस्टरआधीच्या काळाची, होती, त्याच वर्षी मार्चमध्ये वापरलेली, आणि तिच्या पंचवीसेक कोऱ्या प्रती कपाटात उरल्या होत्या. दोन्ही काळांत फादरांचा झगा जांभळा, दोन्हींत रविवारच्या मिस्सेतून, म्हणजे उपासनेतून, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गायब, दोन्हींत सणाआधी पापनिवेदनाला रांगा. म्हटलं, चालून जाईल. मी वरचं पान तेवढं बदललं आणि पहिल्या बैठकीत प्रती वाटल्या. पहिलाच पाठ निघाला अरण्यात सैतानाने येशूची घेतलेली परीक्षा. वाचन संपतंय तोच एक काकी म्हणाल्या, “अरे, नाताळचा गोठा बांधायचे दिवस आले आणि तू सैतान काय काढून बसलायस?”

काकींचं बरोबर होतं. का बरोबर होतं, ते मात्र मला नीट सांगता येईना. ते शोधताना लक्षात आलं की ही गल्लत माझ्या एकट्याची नाही. समूहांसाठी जे साहित्य फिरतं, त्यातल्या बऱ्याच पानांवर हीच गल्लत छापलेली असते.

नावांपासूनच बघू. ‘आगमनकाळ’ हे नाव चोख आहे. लॅटिनमधल्या ‘आद्व्हेंतुस’चा अर्थही आगमनच. दुसऱ्याचं नाव मात्र घसरतं. कुणी उपवासकाळ म्हणतं, कुणी प्रायश्चित्तकाळ, इंग्रजी वळणाच्या मंडळ्यांत सरळ ‘लेंट’. गोव्यात ‘करेज्म’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांच्या ‘क्वारेज्मा’वरून आला आणि त्याच्या मुळाशी आहे ‘चाळीसावा’. ‘उपवासकाळ’ म्हटलं की लक्ष ताटाकडे जातं, ‘प्रायश्चित्तकाळ’ म्हटलं की पापाच्या यादीकडे. या काळाचं मूळ काम या दोन्ही नावांत दिसत नाही. ते काम म्हणजे बाप्तिस्मा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात या काळाची दोन अंगं सांगितली आहेत. एक बाप्तिस्म्याची आठवण किंवा तयारी, दुसरं प्रायश्चित्त. आपण दुसरं तेवढं धरून ठेवलं.

आगमनकाळालाही दोन अंगं आहेत, पण ती वेगळी. येशूच्या पहिल्या येण्याची, म्हणजे नाताळाची, तयारी आणि काळाच्या शेवटी तो पुन्हा येणार त्याची वाट पाहणं. १६ डिसेंबरपर्यंत भर या दुसऱ्या येण्यावर असतो. १७ तारखेपासून वाचनं बेथलेहेमच्या वाटेला लागतात. म्हणूनच आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बाळाचा, देवदूताचा, मेंढपाळांचा पत्ता नसतो. शुभवर्तमान सांगतं, जागे राहा, तो कोणत्या घटकेला येईल ते तुम्हाला ठाऊक नाही. पुस्तिकेचा पहिलाच पाठ मरीयेला देवदूताने दिलेल्या निरोपावर असेल, तर ती वाचनांकडे न बघता लिहिली आहे असं खुशाल समजा.

दिवसांचं गणितही वेगळं चालतं. आगमनकाळ सूर्याच्या पंचांगाला बांधलेला आहे. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान, तो सुरू होतो. रविवार नेहमी चारच, पण लांबी बदलते. २०२२ मध्ये तो पुरा २८ दिवसांचा होता. २०२३ मध्ये २२ दिवसांचा, आणि चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला आला. सकाळी आगमनकाळ, संध्याकाळी नाताळ. चार बैठका आखलेल्या समूहांची त्या वर्षी चांगलीच धावपळ झाली. उपवासकाळ चंद्राच्या मागे जातो. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि त्याआधी ४६ दिवस राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. या ४६ मधून सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात, कारण रविवार हा उपवासाचा दिवस मानलाच जात नाही.

आगमनकाळाला ‘छोटा उपवासकाळ’ समजणारे पूर्वीही होते, आणि त्यांना तसं कारणही होतं. सहाव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करत. माकोंच्या परिषदेने ५८१ मध्ये तसा नियमच केला. पूर्वेकडच्या चर्चमध्ये नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपवास अजून आहे. इतकं लांब कशाला जायचं? आपल्या शेजारच्या इमारतीतलं सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या पूर्वेकडच्या कॅथलिक परंपरेतलं, कुटुंब १ डिसेंबरपासून मासे-मटण बंद करतं, तो त्यांचा २५ दिवसांचा ‘नोंबु’. महाराष्ट्रातल्या सिरो-मलबार भाविकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यांच्या समूहात बसून ‘डिसेंबरात उपवास नसतो’ असं ठासून सांगू नका. लॅटिन, म्हणजे आपल्या रोमन, परंपरेत मात्र आगमनकाळासाठी वेगळा उपवास सांगितलेला नाही. १९६९ च्या दिनदर्शिकेच्या नियमांत त्याला भक्तीने आणि आनंदाने वाट पाहण्याचा काळ म्हटलं आहे. उपवासाचे बंधनकारक दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि दोन्ही ईस्टरआधीचे.

चर्चमध्ये बसल्या बसल्या फरक ओळखायचा तर कान द्या. आगमनकाळात शुभवर्तमानाआधी ‘आलेलुया’ गातात. उपवासकाळात ते पूर्ण बंद, थेट ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत. फुलंही बघा. आगमनकाळात वेदीवर बेताची फुलं चालतात, उपवासकाळात मनाई, अपवाद चौथ्या रविवारचा आणि सणांचा. गुलाबी झगा दोन्ही काळांत एकेकदा निघतो, आगमनकाळात तिसऱ्या रविवारी आणि उपवासकाळात चौथ्या. तो वर्षातून दोनदाच निघत असल्यामुळे कधीकधी वेळेवर सापडत नाही, ही आतली गोष्ट.

आता मुख्य अडचण, यशया. हा संदेष्टा दोन्ही काळांत भेटतो. साहित्य तयार करणारे गडबडतात ते इथेच. आगमनकाळातला यशया पुढे बघतो. इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, खोडाला धुमारा फुटेल, लांडगा कोकराजवळ राहील, तलवारींचे फाळ होतील. उपवासकाळातला यशया समोरच्याला हलवतो. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी ५८ वा अध्याय येतो. देवाला आवडणारा उपवास कोणता, तर अन्यायाच्या बेड्या सोडणं, भुकेल्याला आपली भाकरी देणं. आणि पवित्र आठवड्यात याच ग्रंथातली दुःखी सेवकाची गीतं ऐकू येतात, गुड फ्रायडेला ५३ वा अध्याय. ‘यशयाचा अभ्यास’ अशा मथळ्याची पुस्तिका हाती आली तर आत कोणते अध्याय आहेत ते बघा. ११ आणि ४० असतील तर डिसेंबर, ५८ आणि ५३ असतील तर मार्च.

पश्चात्तापाचंही तसंच. आगमनकाळात बाप्तिस्मा करणारा योहान आहे आणि तो ‘पश्चात्ताप करा’ असंच ओरडतो. मग फरक काय उरला? योहानाचा पश्चात्ताप हा कुणीतरी येणार म्हणून रस्ता सरळ करण्याचा आहे, पाहुणा येण्याआधी अंगण सारवावं तसा. उपवासकाळातला पश्चात्ताप उधळ्या पुत्राचा. तिथे येणारा दुसरा कुणी नसतो, दूर गेलेले आपण असतो आणि उठून चालत घरी यायचं असतं. एका काळात लक्ष दाराकडे, दुसऱ्यात पायांकडे. त्यामुळे समूहाला विचारायचे प्रश्नही बदलतात. डिसेंबरात ‘तुम्ही काय सोडणार?’ असं विचारलं की लोक ‘गोड’ म्हणतात, आणि घरी जाऊन करंज्या तळायला बसतात.

वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ज्याला ठाऊक नाही त्याचा हमखास गोंधळ होतो. अ वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, ब वर्षी मार्कचं, क वर्षी लूकचं. सनाला तीनने भागलं आणि काही उरलं नाही तर क वर्ष, एक उरला तर अ, दोन उरले तर ब. मात्र उपासनेचं वर्ष आगमनकाळापासून सुरू होतं, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात पुढच्या सनाला भागायचं. माझी २०२२ ची चूक दुहेरी होती ती यामुळे. मार्चमधली पुस्तिका क वर्षाची, आणि नोव्हेंबरात अ वर्ष लागलेलं. काळही चुकला आणि वर्षही.

उपवासकाळात या चक्राला एक सुंदर वळण आहे. अ वर्षी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातले (हा योहान बाप्तिस्मा करणारा नव्हे) तीन लांबलचक प्रसंग येतात: विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजरस. पाणी, उजेड, जीवन. ईस्टरच्या रात्री प्रौढ वयात बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी या तीन रविवारी खास विधी असतात, आणि असे उमेदवार असतील तर ब आणि क वर्षांतही हीच वाचनं घेता येतात. समूहाने उपवासकाळात दुसरं काहीच केलं नाही आणि हे तीनच प्रसंग तीन बैठकांत वाचले, तरी मी म्हणेन काम झालं. विहिरीवरच्या बाईवर तर आमच्याकडे तास पुरत नाही. दुपारच्या उन्हात ती एकटीच पाण्याला का आली, हे बायका पुरुषांना समजावून सांगतात.

आगमनकाळाच्या साहित्यात माझी तक्रार आहे ती मेणबत्त्यांबद्दल. आगमनाचं चक्र, म्हणजे दर रविवारी एकेक मेणबत्ती लावायची ते, छानच आहे. हांबुर्गमध्ये १८३९ साली योहान विखर्न या लुथरन पाळकाने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, नाताळाला किती दिवस उरले ते मुलांना दिसावं म्हणून. कॅथलिकांनी ते पुढे विसाव्या शतकात उचललं. पण चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देऊन त्या चार शब्दांवर चार पाठ बेतायचे, ही पद्धत वाचनांतून आलेली नाही. अशी पुस्तिका कुठल्याही वर्षी चालते, तिला अ-ब-क लागत नाही, आणि म्हणूनच तिसऱ्या वर्षी ती पाठ झालेली असते.

उपवासकाळाला बाहेरून आधार भरपूर मिळतो. १९७३ पासून दरवर्षी पोप उपवासकाळासाठी संदेश काढतात. कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेची मोहीम याच काळात असते. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची, चौदा स्थानं तर भिंतीवरच टांगलेली. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म हा मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला तिहेरी आराखडा आयताच हाताशी असतो, त्यामुळे दोन बैठकांच्या मधल्या आठवड्यात करायला काहीतरी देता येतं. आगमनकाळासाठी असं फारसं काही नाही. उलट सण मध्ये येतात. गोव्यात २४ नोव्हेंबरपासून संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, ३ डिसेंबरला फेस्त, ८ तारखेला पणजीच्या मरीयेचं फेस्त. आगमनकाळ कधी लागला ते कळतही नाही. वसईकडे गोठे, नाताळगीतांचा सराव आणि फराळ. म्हणून डिसेंबरात लांबलचक अभ्यास आखू नये. चाळीस मिनिटं, एक शुभवर्तमान, एक प्रश्न, आणि पाच मिनिटं गप्प बसणं. १७ ते २३ डिसेंबरची सात ‘ओ’ धृपदं, येणाऱ्याला सात नावांनी मारलेल्या सात हाका, घरच्या रात्रीच्या प्रार्थनेत रोज एक घ्यावी. त्याला बैठक लागत नाही. उपवासकाळात सहा आठवडे मिळतात, पण दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या तेव्हाच, आणि तरुण मंडळी दिसेनाशी होतात. त्यांना शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेनंतरची पंधरा मिनिटं धरावी लागतात.

त्या २०२२ च्या डिसेंबरात दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही पुस्तिका बाजूला ठेवली आणि रविवारचं शुभवर्तमान तेवढं वाचत गेलो. तिसऱ्या आठवड्यात तुरुंगातला बाप्तिस्मा करणारा योहान येशूला निरोप पाठवतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? आयुष्यभर ज्याची ग्वाही दिली त्याच्याविषयीच त्याला शंका. त्या प्रश्नावर आमची बैठक सर्वांत जास्त वेळ चालली.

२०२५ च्या मार्चमध्ये क वर्षाचा उपवासकाळ पुन्हा आला तेव्हा मला त्या पुस्तिका आठवल्या. कपाट उघडलं तर चारच प्रती. बाकीच्या गेल्या कुठे म्हणून विचारलं, तेव्हा काकींनी सांगितलं की पोरांनी त्या पानांना चहाच्या पाण्यात बुडवून, चुरगाळून गोठ्यामागचे डोंगर केले. डोंगर चांगले झाले होते, असंही म्हणाल्या.