यूरोपातील चेटकीण-खटले

सैतानाशी करार करून जादूटोण्याने माणसे, गुरे व पिके यांना अपाय केल्याच्या आरोपावरून यूरोपात आणि यूरोपीयांच्या काही वसाहतींत चाललेले खटले. त्यांचा काळ साधारणपणे पंधरावे ते अठरावे शतक. मराठीत ‘चेटकीण’ म्हणजे चेटूक करणारी, एवढाच अर्थ होतो. यूरोपीय धर्मपंडितांच्या लेखी मात्र चेटकापेक्षा करार हा मुख्य अपराध होता. गाईचे दूध आटवणारी, गारपीट आणणारी करणी गावकऱ्यांना पूर्वापार माहीत होती. पंडितांनी तिला सैतानाशी समागम, रात्रीचे उड्डाण आणि गुप्त मेळावा (सॅबथ) यांची जोड दिली.

ही जोड केव्हा व कोठे मिळाली, हा वादाचा विषय आहे. इ. स. ९०६ च्या सुमारास प्र्यूम येथील मठाधिपती रेगिनोने संकलित केलेल्या धर्मनियमांत ‘कॅनन एपिस्कोपी’ हा उतारा आढळतो. डायना देवीबरोबर आपण रात्री पशूंवर बसून फिरतो असे मानणाऱ्या स्त्रिया भ्रमात आहेत, असे त्यात म्हटले आहे. हा उतारा पुढे दीर्घकाळ ३१४ मधील अँकायराच्या धर्मसभेचा समजला गेला. ते चूक आहे. पुढे जे अपराध म्हणून शिक्षेस पात्र ठरले, त्यातील बराच भाग चर्च आधी भ्रम मानत होते, हे मात्र त्यावरून स्पष्ट होते.

जुने ग्रंथ सॅबथचा उगम चौदाव्या शतकातील तूलूझच्या खटल्यांत दाखवतात. त्यांचा आधार म्हणजे लामोत-लांगाँ यांचा १८२९ चा फ्रेंच इतिहास. त्यातील संबंधित कागदपत्रे बनावट असल्याचे नॉर्मन कोन व रिचर्ड किकहेफर यांनी १९७० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्यामुळे आता सुमारे १४२८ नंतरचा पश्चिम आल्प्सचा प्रदेश, विशेषतः स्वित्झर्लंडमधील व्हाले, हे उगमस्थान मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आरोपी ख्रिस्तपूर्व सुफलताधर्माचे खरेखुरे अनुयायी होते, हे मार्गारेट मरी यांचे मत (१९२१) आज अभ्यासक स्वीकारत नाहीत. कार्लो गिंझबर्ग यांनी इटलीतील फ्रिऊली प्रांताच्या ‘बेनांदांतीं’च्या (पिके वाचवण्यासाठी आपण रात्री आत्मरूपाने चेटकिणींशी लढतो असे मानणाऱ्यांच्या) जबान्यांत लोकश्रद्धांचे अवशेष दाखवले आहेत. त्यांच्या मांडणीला वजन आहे. तथापि तेवढ्यावरून मेळावे प्रत्यक्ष भरत होते असे ठरत नाही.

चेटकिणींच्या खटल्यांसाठी लिहिलेल्या ‘मॅलिअस मॅलेफिकारम’ (‘चेटकिणींवरील हातोडा’, १४८६–८७) या ग्रंथाचा लेखक हाइन्‍रिख क्रामर. याकोप श्प्रेंगर याचे सहलेखकत्व संशयास्पद आहे. १४८५ मध्ये इन्सब्रुक येथे क्रामरने चालवलेला खटला फसला आणि तेथील बिशपने त्याला निघून जाण्यास सांगितले, ग्रंथ त्यानंतरचा. त्याचा प्रभाव अनेकदा वाढवून सांगितला जातो. खटल्यांची मोठी लाट सुमारे १५६० ते १६५० या काळातली, आणि शिक्षा बहुतांशी लौकिक (चर्चबाह्य) न्यायालयांनी दिल्या.

खटल्यांची साखळी बनण्याचे कारण चौकशीच्या पद्धतीत होते. आरोपीला यातना देऊन मेळाव्यात कोण कोण दिसले, हे विचारले जाई. प्रत्येक कबुलीतून नवी नावे निघत. जर्मनीतील बांबेर्कचा नगराध्यक्ष योहानेस युनिउस याने २४ जुलै १६२८ रोजी तुरुंगातून मुलगी व्हेरोनिका हिला चोरून पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. अंगठे पिळल्याने नखांतून रक्त आले, चार आठवडे हात चालले नाहीत, ते अक्षरावरून तुला दिसेलच, असे तो लिहितो. खरे असो वा खोटे, काहीतरी कबूल करा, अशी गयावया खुद्द जल्लादाने केली होती. नावे हवीत म्हणून त्याला एकेक रस्ता घेऊन तिथे राहणारे सांगायला लावले. त्याच्याविरुद्ध जबानी देणाऱ्यांनी मरण्यापूर्वी त्याची क्षमा मागितल्याचे त्याने समासात नोंदवले आहे. ऑगस्टमध्ये त्याला मृत्युदंड झाला. न्यायालयांच्या दप्तरांतील कबुल्या वाचणाऱ्याने हे पत्र आधी वाचावे.

मृतांचा आकडा आज ४० ते ६० हजारांच्या दरम्यान धरतात. नव्वद लाखांचा प्रचलित आकडा अठराव्या शतकातील एका ढोबळ गणितातून आला असून तो त्याज्य आहे. बळींत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. आइसलँडमध्ये मात्र पुरुष अधिक. इंग्लंडमध्ये जाळण्याऐवजी फाशी दिली जाई. मॅसॅचूसेट्समधील सेलम येथे १६९२ मध्ये १९ जणांना फाशी झाली.

वैद्य योहान वायर (१५६३) आणि कैद्यांना धीर देणारा जेझुइट (कॅथलिक संघाचा) धर्मगुरू फ्रीड्रिख श्पे (१६३१) यांनी या खटल्यांना विरोध केला. श्पेचा युक्तिवाद थेट यातनांवर होता आणि तोच सर्वांत भेदक ठरतो. स्पेनमध्ये इन्क्विझिटर (चर्चच्या धर्मन्यायालयाचा चौकशी-न्यायाधीश) सालाझार याने पुराव्याची कसोटी लावल्यावर १६१४ मध्ये कडक नियम आले आणि तेथील शिक्षा जवळजवळ थांबल्या. ब्रिटनमधील कायदा १७३५ मध्ये रद्द झाला. स्वित्झर्लंडमधील ग्लारूस येथे १७८२ मध्ये शिरच्छेद झालेली मोलकरीण आना ग्योल्डी हिला बहुधा अखेरची बळी मानतात; तिच्यावरील औपचारिक आरोप विषप्रयोगाचा होता. २००८ मध्ये ग्लारूसच्या संसदेने तिला निर्दोष घोषित केले.