कामिमाची

जपानमध्ये घर सोडून आलेल्या अल्पवयीन मुलामुलींनी रात्रीच्या आसऱ्यासाठी अनोळखी प्रौढाची वाट पाहण्याच्या प्रकाराला बोलीभाषेत मिळालेले नाव. ‘कामि’ म्हणजे देव आणि ‘माची’ म्हणजे वाट पाहणे. जेवण आणि झोपायला जागा देणारा तो देव, असा या शब्दाचा अर्थ. मात्र आसरा देणाऱ्याला एकदा देव मानले की त्याला नकार देणे मुलाला किती अवघड होते, हेही त्यातच दिसते. ही संज्ञा मोबाइलवरील संदेशफलकांच्या काळात रूढ झाली आणि पुढे हा व्यवहार समाजमाध्यमांवर गेला. घरातील मारहाण, पालकांचे दुर्लक्ष आणि शाळेतील छळ ही घर सोडण्यामागची नेहमीची कारणे होत. बहुतेक ‘देव’ आसऱ्याचा मोबदला मागतात आणि तो मोबदला म्हणजे लैंगिक शोषण असते.

शिमेसाबा यांच्या कादंबरीवरील ‘हिगेहिरो’ ही १३ भागांची ॲनिमे मालिका (२०२१, दिग्दर्शन मानाबु कामिकिता) याच वास्तवावर उभी आहे. होक्काइदोतील आसाहिकावाहून पळालेली सायु ही शाळकरी मुलगी अशा अनेक घरांतून दिवस काढत तोक्योला येते आणि एका रात्री २६ वर्षांच्या योशिदा या नोकरदाराला विजेच्या खांबाखाली बसलेली आढळते. योशिदा तिला घरी नेतो, पण तिने देऊ केलेला मोबदला ठामपणे नाकारून त्याऐवजी घरकाम करायला सांगतो. मालिकेचे खरे बळ या नकारात आहे, कारण आपली किंमत आपल्या शरीरापुरती नाही, हे सायुला त्यातून हळूहळू उमगते. मात्र सारी भिस्त एका भल्या माणसाच्या संयमावर ठेवल्यामुळे, असा माणूस न भेटलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न कथेत बाजूलाच राहतो.

कायद्याच्या दृष्टीने योशिदाची कृतीही धोक्याची ठरते. जपानी दंडसंहितेच्या २२४ व्या कलमाप्रमाणे अल्पवयीन व्यक्तीला पळवणे किंवा फूस लावून नेणे यासाठी ३ महिने ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. या कलमाने पालकाच्या ताब्याच्या हक्कालाही संरक्षण मिळत असल्याने मूल स्वखुशीने आले होते, एवढे सांगून आसरा देणाऱ्याची सुटका होत नाही. अशा मुलांसाठीचा अधिकृत मार्ग बालमार्गदर्शन केंद्रांतून जातो. १८९ या क्रमांकावरून त्यांच्याशी संपर्क साधता येतो. परंतु केंद्र आपल्याला पुन्हा त्याच घरी पाठवील, या भीतीने अनेक मुले तेथे जात नाहीत.

ही उणीव ओळखून वकिलांच्या पुढाकाराने २००४ मध्ये तोक्योत ‘कारियोन’ हे मुलांचे आश्रयगृह सुरू झाले. त्याचा पत्ता गुप्त ठेवला जातो आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र वकील मिळतो. बालकल्याण कायद्याचे संरक्षण मुख्यतः १८ वर्षांखालील मुलांना असले, तरी सज्ञानतेचे वय २०२२ च्या एप्रिलपर्यंत २० होते. त्यामुळे १८-१९ वर्षांची मुले केंद्राच्या कक्षेबाहेर, पण पालकांच्या अधिकाराखाली राहत आणि त्यांना अशा आश्रयगृहाची गरज विशेष भासे.