सामायिक तरलता (समभाग बाजार)

समभाग बाजारात निरनिराळ्या कंपन्यांच्या शेअरची तरलता एकाच वेळी वाढते किंवा आटते, तेव्हा तिला सामायिक तरलता म्हणतात. भाव फारसा न हलवता, लवकर आणि कमी खर्चात शेअर घेता किंवा विकता येणे म्हणजे तरलता. भाव पडणे वेगळे आणि घेणारेच नाहीसे होणे वेगळे. ही नोंद दुसऱ्या गोष्टीची आहे.

कोकण किनाऱ्यावर काम चालणाऱ्या तीन कंपन्या घेऊ. रत्नागिरीजवळ पीव्हीसी बनवणारी फिनोलेक्स इंडस्ट्रीज, अलिबागजवळ थळला युरियाचा कारखाना असलेली आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) आणि जयगडचे बंदर चालवणारी, ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात नोंदलेली जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चर. पाइप, खत आणि बंदर या धंद्यांचे नफातोटे वेगवेगळ्या कारणांनी हलतात. पण बाजारात घबराट पसरली की तिन्हींच्या खरेदीच्या ऑर्डरी एकदमच पातळ होऊ शकतात, कारण त्या ऑर्डरी टाकणारे हात बरेचसे तेच असतात. हर्णै बंदरातल्या लिलावातही हेच घडते. सुरमई, पापलेट आणि बांगडा यांचे भाव निराळे, गिऱ्हाइके निराळी. पण बोली लावणारे व्यापारी, बर्फ आणि टेम्पो सामायिक. व्यापाऱ्यांकडचा पैसा किंवा बर्फ कमी पडला की सगळ्याच मासळीच्या बोली थंडावतात, मासळी कितीही ताजी असो.

या विषयाचा पाया चोरडिया, रोल आणि सुब्रह्मण्यम यांच्या २००० सालच्या अभ्यासाने घातला. न्यूयॉर्क शेअर बाजारातील १९९२ च्या व्यवहारांवरून त्यांनी दाखवले की एका शेअरच्या तरलतेतील बदल उरलेल्या बाजाराच्या सरासरी तरलतेबरोबर चालतो. त्याआधी तरलता हा ज्या-त्या शेअरचा खासगी गुण मानला जाई. पुढे २०१२ मध्ये कॅरोली, ली आणि व्हॅन डाइक यांनी ४० देशांचे बाजार तपासले. ज्या देशांत आणि ज्या काळात बाजार फार हेलकावे खातो, जिथे परदेशी गुंतवणूकदारांचा वावर अधिक असतो आणि लोक एकाच दिशेने खरेदी-विक्री करतात, तिथे ही सामायिकता जास्त आढळली.

कारणे दोन बाजूंनी येतात. मागणीच्या बाजूला मोठे फंड असतात. परदेशी संस्थेला पैसे काढायचे असले की ती एक शेअर विकत नाही, अनेक शेअरची अख्खी टोपली विकते. पुरवठ्याच्या बाजूला उधारीवर सौदे पेलणारे दलाल आणि व्यापारी असतात. भाव पडले की त्यांना जादा मार्जिन, म्हणजे सौद्यापोटीची अनामत, भरावे लागते, हातातला पैसा घटतो आणि ते सगळ्याच शेअरमधून हात आखडता घेतात. त्यामुळे भाव आणखी पडतात आणि पुन्हा मार्जिन मागितले जाते. ब्रूनरमायर आणि पेडरसन यांनी २००९ मध्ये हे चक्र नेमकेपणाने मांडले.

भारतासारख्या उदयोन्मुख बाजारात हे जास्त बोचते. इथले रोखीचे, म्हणजे वायद्याबाहेरचे, सौदे ऑर्डर बुकवर, म्हणजे आलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींच्या यादीवर, चालतात. न्यूयॉर्कला दोन्हीकडचे भाव देण्याची जबाबदारी असलेला मध्यस्थ असे, तसा आपल्याकडे मुख्य बाजारात नाही. ऑर्डरी मागे घेतल्या की समोर काहीच उरत नाही. शिवाय अनेक कंपन्यांचे मोठे हिस्से प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडे, अडकलेले असतात आणि बाजारात फिरणारे शेअर कमी उरतात. आरसीएफमध्येच सुमारे ७५ टक्के भाग केंद्र सरकारचा आहे.

बाजारातल्या घबराटीचे उदाहरण घेऊ. कोविडच्या काळात, २३ मार्च २०२० रोजी बाजाराचा निर्देशांक १० टक्के पडल्यावर व्यवहार ४५ मिनिटे थांबवले गेले. दिवसअखेर सेन्सेक्स ३,९३५ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक खाली होता. त्या महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय समभागांतून सुमारे ६२,००० कोटी रुपये काढून घेतले होते.

छोट्या गुंतवणूकदाराला याची झळ कशी लागते, ते मांडून पाहू. देवगडच्या एका बागायतदाराला फवारणीसाठी पैसे हवेत आणि त्याच्याकडे एका लहान कंपनीचे २,००० शेअर आहेत. एरवी घेणाऱ्यांचा भाव १४९.९० आणि विकणाऱ्यांचा १५०.१० असतो. मधल्या भावापेक्षा त्याला शेअरमागे १० पैसे कमी मिळतात, म्हणजे २०० रुपये जातात. वाईट दिवशी हेच भाव १४७ आणि १५१ होतात. मधला भाव एकच रुपया उतरला, त्याचे २,००० गेले. पण या दोन भावांमधल्या निव्वळ फटीपायी ४,००० गेले. दहा कंपन्यांत पैसे विभागले असते तरी हा दुसरा खर्च टळेलच असे नाही, कारण त्या दहाही फटी त्याच दिवशी रुंदावू शकतात. विभागणीचा सल्ला देताना ही बाब सहसा सांगितली जात नाही, आणि ती सांगितलीच पाहिजे.

तरलतेचे मोजमाप अवघड आहे. अमिहूद यांचे २००२ चे माप रोजच्या भावबदलाला उलाढालीने भागते. रोजच्या आकड्यांवर चालत असल्याने ते भारतात सोयीचे. पण लोअर सर्किट (दिवसाच्या घसरणीची मर्यादा) लागलेल्या शेअरचा भाव ५ किंवा १० अशा ठरावीक टक्क्यांवर अडवलेला असतो आणि विकणाऱ्यांची रांग त्या आकड्यात दिसत नाही.

मार्च २०२४ पासून म्युच्युअल फंडांना आपल्या मिडकॅप (मध्यम कंपन्यांच्या) आणि स्मॉलकॅप (लहान कंपन्यांच्या) योजनांचा २५ आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील, हे जाहीर करावे लागते. पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र प्रत्येक फंड हे दिवस आपल्यापुरते मोजतो. तेच शेअर बाळगणारे इतर फंड त्याच आठवड्यात विकायला आले, तर तो आकडा टिकत नाही.