गाकेल पर्वतरांग: आर्क्टिकच्या बर्फाखालचे ज्वालामुखी

ग्रीनलंडच्या उत्तरेकडून सायबेरियाजवळच्या लाप्टेव समुद्रापर्यंत सुमारे १८०० किमी पसरलेली गाकेल ही जगातली सर्वांत मंद गतीने फाकणारी मध्यसागरी पर्वतरांग, म्हणजे समुद्रतळावर दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथली डोंगररांग. पश्चिमेला हे भूपट्ट वर्षाला सुमारे १४ मिमी दूर सरकतात, पूर्वेला जेमतेम ६. फाकणं मंद, म्हणजे शिलारस कमी आणि तळावरचे गरम झरेही विरळच, असा जुना हिशेब होता.

रांगेला सोव्हिएत समुद्रशास्त्रज्ञ याकोव्ह गाकेल यांचं नाव मिळालं. नकाशा मात्र रखडला, कारण बर्फ फोडताना होणाऱ्या आवाजात जहाजाच्या सोनारला (ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राला) तळाचा प्रतिध्वनी नीट ऐकू येत नाही. पाणबुडीला ही अडचण नाही. १९९९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'हॉकबिल'ने बर्फाखालून फिरून रांगेचा बराच भाग मोजला. त्याच वर्षी ८५ अंश पूर्व रेखांशाजवळ कित्येक महिने भूकंपांची मालिका चालली. दूरवरच्या केंद्रांनी दोनशेहून जास्त धक्के टिपले.

२००१ मध्ये 'हीली' आणि 'पोलारस्टर्न' ही दोन आइसब्रेकर जहाजं जोडीने गेली. खडक खरवडणाऱ्या ड्रेजच्या तारेवरच तापमान, दाब आणि गढूळपणा नोंदवणारी छोटी यंत्रं बांधली होती. ड्रेज खालीवर होताना पाण्याचा आलेख जणू फुकटात मिळे, आणि तळापासून बरंच वर किंचित उबदार, गढूळ थर दिसला की जवळपास झरा आहे हे कळे. अशा किमान नऊ जागा निघाल्या. रांगेच्या मधल्या टप्प्यात प्रावरणाचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचा, खडक थेट तळावर उघडा पडलेला, तर त्याच्या दोन्ही अंगांना ज्वालामुखी. जुना हिशेब तिथेच कोसळला.

२००७ ची 'ओडेन' या आइसब्रेकरची मोहीम १९९९ च्या त्या भूकंपांच्या जागी गेली. सुमारे ४००० मीटर खोलीवर दाब इतका असतो की पाण्याची स्फोटक वाफ होऊच शकत नाही. तरीही कॅमेऱ्यांना १० चौ. किमीहून मोठ्या भागावर ज्वालामुखी काचेचे तुकडे विखुरलेले दिसले. शिलारसात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने हा स्फोट घडवला, असा अर्थ लावला गेला. पण त्यासाठी शिलारसाच्या वजनाच्या सुमारे १३.५ टक्के वायू लागतो. एवढ्या मोठ्या आकड्यावर वाद होणारच.

गरम झऱ्याची प्रत्यक्ष चिमणी (त्याच्या तोंडाशी साचलेल्या खनिजांचा नळकांडीसारखा सुळका) गाठणं त्याहून किचकट. बर्फात अडकलेलं जहाज बर्फासोबत वाहतं, एका जागी थांबत नाही. म्हणून वारा आणि प्रवाह पाहून, वाहत वाहत नेमकं लक्ष्यावरून जाऊ अशी जागा आधीच धरायची. अंदाज थोडा चुकला तरी काही किमी तारेच्या टोकाचा कॅमेरा बाजूने निघून जातो. २०१४ मध्ये 'पोलारस्टर्न'ने असंच वाहत जाऊन सुमारे ३९०० मीटरवरचं 'ऑरोरा' झराक्षेत्र टिपलं. २०२१ मध्ये नॉर्वेच्या 'क्रोनप्रिन्स हाकोन'वरून तारेने जोडलेला रोबोट तिथे उतरला. वर जहाज वाहत असल्याने तारेची लांबी पुरेल तेवढाच वेळ त्याला तळाशी मिळतो.