बॉट कुणाला म्हणायचे? गेम डिझाइनच्या वर्गातील बॅटल रॉयालची पार्श्वभूमी

खेळाचे नियम कागदावर उतरवायचे आणि मग त्यांवर वाद घालायचा, ही पुण्याची जुनी सवय. खो-खोची नियमावली १९१४ मध्ये इथल्याच एका जिमखान्यात तयार झाली. व्हिडिओ गेम वर्गात यायला मात्र बराच काळ जावा लागला. २००८ मध्ये फ्रेंच सहकार्याने शहरालगत अॅनिमेशन आणि गेमचे पूर्णवेळ शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तरी ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम अख्ख्या वर्गाने एकत्र अभ्यासणे अवघडच होते, कारण प्रत्येकाकडे ताकदीचा कॉम्प्युटर आणि न तुटणारे नेट एकाच वेळी असणार कुठून? सप्टेंबर २०१६ पासून मोबाइल डेटा स्वस्त झाला, मार्च २०१८ मध्ये पब्जी, म्हणजे नकाशावर उतरलेल्यांपैकी शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो असा बॅटल रॉयाल गेम, फोनवर फुकट आला आणि ही अडचण सुटली. शिकवण्याआधीच वर्गातल्या बहुतेकांना तो येत होता. गेम डिझाइनच्या शिक्षकाला अशी सोय क्वचित मिळते.

सुरुवातीचा अभ्यास नकाशांचा होता आणि तो अजूनही पहिल्या आठवड्यात घ्यावा असाच आहे. एरँगल ८ बाय ८ किलोमीटरचा, खेळाडू १००. समुद्र धरून हिशेब केला तर चौरस किलोमीटरला दीड माणूस पडतो. सॅनहॉक ४ बाय ४, खेळाडू तेवढेच, म्हणजे सव्वासहा. २०२० मध्ये फक्त मोबाइलसाठी आलेला लिविक २ बाय २, खेळाडू ५२, म्हणजे १३. धावण्याचा वेग सेकंदाला साधारण ६ मीटर धरला तर एरँगल आडवा पार करायला २२ मिनिटे लागतात आणि डाव अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. गाड्या कशासाठी ठेवल्या आणि ज्याच्या बाहेर राहिले की मार बसतो ते वर्तुळ आवळत का आणावे लागते, हे एवढ्या गणितातून विद्यार्थ्याला स्वतःच कळते.

२ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अॅपवर बंदी आली, त्यात पब्जीही होता. ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हरही बंद झाले. भारतासाठीची आवृत्ती, बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया (बीजीएमआय), अँड्रॉइडवर आली ती २ जुलै २०२१ रोजी. मधले आठ महिने अभ्यासाचा विषयच हातात नव्हता. गेमच्या कागदी प्रतिकृतीला खरे महत्त्व या काळात आले. जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे, कारण रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्याने घेतलेले निर्णय दिसतात, स्वतःला एकही घ्यावा लागत नाही.

प्रतिकृतीची मापे साधी आहेत. ४० बाय ४० सेंटिमीटरचा कार्डशीट घ्यायचा, १ सेंटिमीटर म्हणजे २०० मीटर. चौघांच्या पथकाला एक सोंगटी, अशा २५ सोंगट्या. एक खेळी म्हणजे एक मिनिट, त्यात सोंगटी पावणेदोन सेंटिमीटर सरकते. वर्तुळासाठी दोऱ्याची चार कडी करायची, व्यास २०, १०, ५ आणि अडीच सेंटिमीटर. मूळ गेममधली मापे वेगळी आहेत, पण दर वेळी निम्मे केल्याने हिशेब सोपा राहतो. दोन चुका हमखास होतात. कडे दर वेळी मधोमध ठेवले की सगळे मध्यभागी ठाण मांडतात, म्हणून नवे केंद्र आधीच्या कड्याच्या आत फासे टाकून ठरवावे. दुसरी चूक जास्त महाग पडते. सोंगट्या उघड्यावर असल्या की सगळ्यांना सगळे दिसते आणि लपण्यातली गंमत जाते. त्यासाठी मुख्य नकाशा एका पंचाकडे झाकून ठेवायचा आणि प्रत्येक गटाला आपापली छोटी प्रत द्यायची. पंच थकतो, दोन तासांनी तो बदलावा.

पंच आला आणि त्याच्याबरोबर वर्गात बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी यंत्राने चालवलेल्या खेळाडूचा, प्रश्नही आला. विद्यार्थी कधीच २५ गटांइतके नसतात, त्यामुळे उरलेल्या सोंगट्या पंच ठरावीक नियमाने चालवतो: जवळच्या घराकडे जा, तीन सेंटिमीटरच्या आत कुणी आला तर गोळी झाड, आपली पहिली गोळी नेमाबाहेर जाऊ दे, गोळी लागली तर एक खेळी थांब. अशा पाच सोंगट्या ठेवल्या तर त्या लवकर संपतात आणि तिसऱ्या कड्यात कुणी कुणाला भेटतच नाही. दहा ठेवल्या तर सुरुवात गजबजते आणि शेवटच्या कड्यात माणसेच उरतात. मूळ गेममध्ये बॉट कशासाठी घातले, याचे अर्धे उत्तर इथेच मिळते.

उरलेले अर्धे वादाचे आहे. फोनवरच्या आवृत्तीत खालच्या टियरच्या (खेळाडूच्या श्रेणीच्या) डावांमध्ये बॉट मोठ्या संख्येने भरलेले असतात. त्यामुळे लॉबी, म्हणजे डावासाठी जमवलेला गट, पटकन भरते आणि नवख्याला पहिल्याच दिवशी चार-पाच जणांना मारल्याचे समाधान मिळते. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत २०२० मध्ये बॉट आले तेव्हा जुने खेळाडू चिडले. पुढे बॉटशिवायचा वेगळा रँक्ड (श्रेणी ठरवणारा) प्रकार द्यावा लागला.

या वादात मराठी मुलांना एक शब्द आयता मिळतो: कच्चं लिंबू. सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना लहान भावंडाला आउट धरत नाहीत. नवख्याला सांभाळून घेणे हाच दोन्हीकडचा हेतू, मग बॉटवर राग कशासाठी? फरक आहे तो माहितीचा. पार्किंगमध्ये सवलत कुणाला आहे हे बाकीच्या सगळ्यांना ठाऊक असते आणि त्या धावा कुणी मनावर घेत नाही. इथे समोरचा माणूस आहे की यंत्र, हे लॉबी सांगत नाही, आणि डाव संपल्यावरच्या आकड्यात दोन्ही एकाच रकान्यात बसतात. बॉट घालणे हा रास्त डिझाइन निर्णय आहे. तो खेळाडूपासून झाकून ठेवणे रास्त नाही, आणि वर्गात हे स्पष्ट बोलले पाहिजे.

शब्दाचा गुंता वेगळाच. पुण्यातल्या खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी ‘बॉट’ म्हणजे ज्याला खेळता येत नाही असा माणूस. ‘काय बॉटसारखा खेळतोयस’ हे रोजचे वाक्य. नेम आपोआप लावून देणारी फसवणुकीची साधने पुन्हा ‘एमबॉट’. त्यामुळे नोंदवहीत ‘८ बॉट मारले’ असे लिहिले असेल तर ती मोजणी आहे की फुशारकी, हे कळत नाही. वहीत ‘यंत्रखेळाडू’ लिहायला लावले तर घोळ निम्म्याने कमी होतो. ओळखीच्या खुणाही ठरवून घ्याव्यात: सरळ रेषेत धावणे, मोकळ्यात उभे राहून गोळ्या झाडणे, मार बसल्यावर आडोसा न शोधणे. तीनपैकी दोन दिसल्या तरच यंत्र म्हणायचे, नाहीतर ‘अनिश्चित’. खरा नवखाही पहिल्या दिवशी असाच धावतो.

याच मुद्द्यावर चांगले प्रकल्प फसतात. सगळ्यांना समान संधी हवी म्हणून शिक्षक नवीन खाती काढायला सांगतात. नवीन खाते म्हणजे खालचा टियर, म्हणजेच लॉबीत यंत्रांची गर्दी. मग ‘सरासरी ९ किल’ (डावात मारलेले खेळाडू) असा निष्कर्ष निघतो, आणि एखाद्याने जुन्या, वरच्या टियरच्या खात्यावरून खेळून २ आणले तर तो कच्चा ठरतो. खरे तर दोघे वेगळे खेळ खेळले आहेत. एकाच हॉटस्पॉटवर चार फोन जोडले की पिंगही (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) वाढतो, आणि उशिरा पोचलेली गोळी नेमबाजीतली चूक म्हणून नोंदली जाते.

बीजीएमआयने शब्दही बदलले. ‘किल’ जाऊन ‘फिनिश’ आले, त्यामुळे २०२१ च्या आधीची आणि नंतरची टिपणे शेजारी ठेवताना हे लक्षात ठेवावे लागते. २८ जुलै २०२२ रोजी हा गेमही स्टोअरवरून गेला. मे २०२३ मध्ये तो तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर परतला, तोही १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि इतरांना ६ तास अशी मर्यादा घेऊन. सत्र दुपारी असेल आणि मुलगा सकाळी खेळून आला असेल, तर त्याचा गेम वर्गातच बंद पडतो. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम आणि ई-स्पोर्ट्स वेगळे केले. तेव्हापासून वर्गातली चर्चा क्रेट (आत काय निघेल ते आधी न कळणारी बक्षिसांची पेटी) आणि स्किन (पात्राचे किंवा शस्त्राचे सजावटी रूप) यांच्याकडे जास्त वळू लागली आहे.

एवढ्या उलथापालथीनंतर नोंदवहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहिल्याशिवाय डाव सुरू करू नये: तारीख, आवृत्तीचा क्रमांक, खात्याचा टियर आणि डावाआधीचा पिंग. आतल्या पानावर दर मिनिटाला एक ओळ: वर्तुळाचा टप्पा, जिवंत खेळाडू, पथकाची जागा आणि तिथे जाण्याचे कारण. कारणाचा रकाना डाव चालू असताना कोराच राहतो. तो रेकॉर्डिंग बघत त्याच दिवशी भरावा.